डोरोथीचे नवे घर

पुस्तकावरून काढलेला चित्रपट पाहायला बसलो, की आपण बहुतेक जण वरपक्षाच्या मंडळींसारखे वागतो. यादी हातात घ्यायची आणि ठरल्याप्रमाणे एकेक जिन्नस आला की नाही, ते पाहायचे. अमका प्रसंग कुठे गेला? तमकीचे केस तर पुस्तकात काळे होते! त्या म्हाताऱ्याच्या तोंडचे वाक्य या पोराच्या तोंडी कसे? यादी खोटी नसते, तक्रारही खरी असते. पण ताटे-वाट्या मोजण्याच्या नादात नवरी मुलगीच पाहायची राहून जाते, आणि चार दिवसांनी कळते की नवरीच बदललेली आहे!

या दिवाळीला मी अशीच एक यादी घेऊन बसले आहे. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाने लिहिलेले ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ हे मुलांचे पुस्तक १९०० साली निघाले. त्यावरून मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने १९३९ साली ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट काढला. चित्रपट इतका गाजला की त्याच्या सावलीत पुस्तक झाकून गेले. ऑझची गोष्ट ठाऊक आहे असे म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना चित्रपटाची गोष्ट ठाऊक असते.

ज्यांना दोन्ही ठाऊक नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅन्सस नावाच्या रुक्ष प्रांतात डोरोथी ही पोरकी मुलगी आपल्या काका-काकूंच्या शेतावर राहते. एकदा चक्रीवादळ येते आणि मुलगी, तिचा टोटो कुत्रा आणि घर असे सगळेच उचलून ऑझ नावाच्या अद्भुत देशात नेऊन टाकते. घर पडते ते नेमके एका दुष्ट चेटकिणीच्या डोक्यावर! त्या मेलेल्या चेटकिणीचे जादूचे जोडे डोरोथीला मिळतात. घरी कसे परतायचे ते पाचूनगरीतला महान जादूगार सांगेल, असे कुणीतरी सांगते आणि ती पिवळ्या विटांच्या रस्त्याने चालू लागते. वाटेत तीन सोबती मिळतात: मेंदू हवा असलेले बुजगावणे, काळीज हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्य हवे असलेला सिंह. जादूगार निघतो तद्दन ढोंगी, आणि घरी नेण्याची शक्ती तर पहिल्यापासून डोरोथीच्या पायातल्या जोड्यांतच असते.

आता यादी उघडू. पहिला जिन्नस जोड्यांचाच. पुस्तकात ते चांदीचे आहेत, चित्रपटात माणकांचे झाले. पटकथा लिहिणाऱ्या नोएल लँग्लीने हा बदल केला. टेक्निकलर तेव्हा नव्या नवलाईचे होते आणि पिवळ्याधमक रस्त्यावर चांदीपेक्षा लाल रंग उठून दिसतो, एवढेच त्याचे कारण. ऑझचे कट्टर वाचक या जोड्यांवरून अजून कुरकुरतात. मला तो बदल मुळीच खुपत नाही. जोडे जादूचे असल्याशी कारण. आणि जगानेही आपला कौल दिलेलाच आहे. त्या चित्रपटात वापरलेल्या जोड्यांपैकी एक जोड वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि दुसरा एक जोड २००५ साली चोरीला गेला, २०१८ साली सापडला आणि २०२४ साली लिलावात त्यावर २ कोटी ८० लाख डॉलरची बोली लागली. चांदीच्या जोड्यांसाठी कुणी एवढे केले असते असे वाटत नाही.

शिवाय मूळ लेखकाचीच या बाबतीत फारशी सोवळी वृत्ती नव्हती. १९०२ साली शिकागोच्या रंगभूमीवर ऑझचे संगीत नाटक आले. त्याच्या जमवाजमवीत बॉम स्वतः सामील होता. त्या नाटकात टोटो कुत्र्याची हकालपट्टी झाली आणि त्याच्या जागी डोरोथीबरोबर चक्क एक गाय आली! इमोजेन तिचे नाव. गाईचे कातडे पांघरून नट रंगमंचावर वावरायचा आणि लोक हसून लोळायचे. कुत्र्याची गाय झालेली ज्याने खपवून घेतली, त्याच्या नावाने चांदीसाठी भांडण्यात काय अर्थ?

कापाकापी तर पुष्कळच झाली आहे. २४ प्रकरणांचे पुस्तक पावणेदोन तासांच्या आत बसवायचे म्हणजे कात्री चालणारच. चिनीमातीच्या माणसांचे गाव गेले, अस्वलाचे धड आणि वाघाचे डोके असलेली कालिडा जनावरे गेली, अफूच्या मळ्यात झोपलेल्या सिंहाला गाड्यावर घालून ओढणारे हजारो उंदीर गेले. उंदरांच्या जागी बर्फ पडतो आणि सगळे जागे होतात. ही बर्फाची युक्तीही त्या जुन्या नाटकातलीच. लाकूडतोड्या पत्र्याचा कसा झाला, ही हकीकतही गेली. मंतरलेल्या कुऱ्हाडीने त्याचा एकेक अवयव तोडला आणि लोहाराने तो पत्र्याचा करून दिला, असे बॉमने अगदी शांतपणे लिहिले आहे. चित्रपटात ते दाखवले नाही हे आयाबापांवर उपकारच झाले म्हणायचे.

एका ठिकाणी तर चित्रपट मला मुळापेक्षा उजवा वाटतो. पुस्तकातला ढोंगी जादूगार बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा आणि टाचण्या-सुया भरतो, लाकूडतोड्याला भुसा भरलेले रेशमी काळीज देतो आणि सिंहाला बाटलीतले धैर्य पाजतो. चित्रपटात तो बुजगावण्याला पदवीचे भेंडोळे देतो, लाकूडतोड्याला काळजाच्या आकाराचे घड्याळ आणि सिंहाला पदक! मेंदू नसला तरी चालेल, पदवी असली की झाले. जून महिन्यात कॉलेजाच्या दारात उभ्या राहिलेल्या कुठल्याही पालकाला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

पण त्याच जादूगाराच्या नगरीत चित्रपटाने एक चांगली गोष्ट हातची घालवली. पुस्तकातली पाचूनगरी खरोखर हिरवी नाहीच. वेशीवरचा रखवालदार आत येणाऱ्या प्रत्येकाच्या, अगदी टोटोच्यासुद्धा, डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा चढवतो आणि कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवतो. मग काय, सगळेच हिरवे! डोरोथी आत घातलेला सुंदर हिरवा झगा बाहेर येऊन पाहते तो पांढरा. चित्रपटाने चष्मे काढून टाकले आणि शहरच हिरवे रंगवले. डोळ्यांना ते फार छान दिसते; फक्त बॉमने मारलेली कोपरखळी त्या रंगाखाली गेली.

दुसरी एक काटकसर मात्र अंगाशी आली. पुस्तकात भल्या चेटकिणी दोन आहेत. पहिली उत्तरेची, म्हातारी आणि मायाळू. ती सुरुवातीला भेटते. पण जोड्यांची करामत तिला ठाऊकच नाही. दुसरी दक्षिणेची ग्लिंडा. ती थेट शेवटी भेटते आणि गुपित सांगते. चित्रपटाने दोघींची मिळून एकच केली. आता प्रश्न असा, की सुरुवातीलाच भेटलेल्या या बाईला सगळे ठाऊक होते, तर तिने त्या पोरीला एवढी वणवण का करू दिली? चित्रपटातही हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, आणि बाई उत्तर देतात की तेव्हा सांगितले असते तर तिला पटले नसते, तिचे तिलाच उमजायला हवे होते. एका नटीचा पगार वाचवला आणि गोष्टीच्या गळ्यात बोधवचन बांधावे लागले!

डोरोथीही थोडी मवाळ झाली आहे. चित्रपटात बुजगावण्याला आग लागते, ती विझवायला डोरोथी पाणी फेकते आणि ते चुकून चेटकिणीवर पडते. पुस्तकात चुकून काही नाही. चेटकीण कपटाने तिला पाडून एक जोडा पळवते, पोर संतापते आणि समोरची बादली उचलून तिच्या अंगावर ओतते. पाणी लागताच म्हातारी विरघळून जाईल हे तिला ठाऊक नसते, पण राग खरा असतो. पुढे काय करते? आणखी एक बादली पाणी ओतते, तो सगळा राडा झाडून दाराबाहेर लोटते, आपला जोडा धुऊन फडक्याने कोरडा करून पायात घालते. अशी झाडलोट करणारी नायिका परीकथांत मी दुसरी पाहिलेली नाही. ज्यूडी गार्लंड चित्रीकरणाच्या वेळी सोळा वर्षांची होती. तिचा आवाज आणि डोळ्यांतली व्याकुळता विसरता येत नाही, पण झाडू काही तिच्या हाती आला नाही.

इथवर यादीतले जिन्नस झाले. आता नवरीकडे वळू.

बॉमचे पहिलेच पान कॅन्ससचे आहे आणि त्या पानावर एकच रंग आहे: करडा. जमीन करडी, उन्हाने करपलेले गवत करडे, रंग उडालेले घर करडे. घर म्हणजे एक खोली. तिचीसुद्धा लाकडे गाडीतून कोसच्या कोस लांबून आणलेली. एम काकू तिथे आली तेव्हा तरुण आणि देखणी होती. ऊन-वाऱ्याने तिच्या डोळ्यांतली चमक आणि गालांवरची लाली नेली. आता ती हसत नाही. पोरकी डोरोथी पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्या मुलीच्या हसण्याने काकू इतकी दचकायची की छातीवर हात ठेवून किंचाळायची. हेन्री काका पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, हसणे त्याला माहीतच नाही. बॉमला हे कुठून सुचले ते शोधायला लांब जायला नको. १८८८ साली तो बायकामुलांसह डाकोटातल्या अ‍ॅबरडीन गावी गेला. तिथे त्याचे दुकान बुडाले, मग वर्तमानपत्र बुडाले, आणि १८९१ साली त्याने शिकागोची वाट धरली. शेत करपले की माणसांचे काय होते, हे त्याने गल्ल्यावर बसून पाहिले होते.

चित्रपटाने हा करडा रंग किती सुंदर उचलला! कॅन्सस सगळे रंगहीन, मातकट छटेत, आणि डोरोथी ऑझमध्ये दार उघडते त्या क्षणी पडद्यावर रंगांचा पूर. बॉमचे एक पान एका दारात उतरले. यापेक्षा इमानी रूपांतर मला दाखवा.

पण रंग उचलला आणि त्यामागची गरिबी मागे ठेवली. चित्रपटातल्या शेतावर तीन गडी राबतात, डुकरे आहेत, काकू लगबगीने सगळ्यांना खायला देते आहे. थोडक्यात, बरे खाऊनपिऊन सुखी घर आहे. तिथे परत जावेसे वाटले तर नवल नाही. पुस्तकातली डोरोथी मात्र त्या एका करड्या खोलीकडे परत जायला निघाली आहे. बुजगावणे तिला विचारतेसुद्धा, की एवढा सुंदर देश सोडून त्या रुक्ष माळावर कशाला जातेस? ती म्हणते, तुला मेंदू नाही म्हणून तुला हे कळत नाही. आणि ग्लिंडापुढे ती आपली विनंती मांडते तेव्हा तिच्या मनात काय असते? मी मेले असे समजून एम काकू सुतकाचे काळे कपडे करील. यंदा पीक गेल्या वर्षीपेक्षा बरे आले नसेल, तर तो खर्च काकांना कसा परवडणार! मुलांच्या गोष्टीत एवढे खरे वाक्य क्वचित सापडते.

आणि मग ती परत येते, तिथे चित्रपटाने नवरीच बदलली.

चित्रपटात डोरोथी अंथरुणावर डोळे उघडते. वादळात खिडकीची चौकट डोक्याला लागून ती बेशुद्ध पडली होती. ऑझ, जादूगार, चेटकीण हे सारे स्वप्न. तेच तीन गडी उशाशी उभे, ज्यांची स्वप्नात बुजगावणे, लाकूडतोड्या आणि सिंह अशी रूपे झाली होती. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ही युक्ती ठाऊक आहे. ‘मी राजा झालो तर’ या विषयावर दोन पाने निबंध लिहायचा, सोन्याचे सिंहासन, हत्ती, अंबारी, सगळे आणायचे आणि शाई संपत आली की ‘तेवढ्यात आईची हाक ऐकू आली आणि मी खडबडून जागा झालो’ असे लिहून पेपर द्यायचा. मास्तर दहापैकी सहा गुण देत. मेट्रो-गोल्डविनने तेवढ्यासाठी लाखो डॉलर खर्च केले! निव्वळ परीकथा मोठ्या माणसांना पचणार नाही ही धास्ती त्यामागे असावी, असा माझा तर्क आहे. ‘अ‍ॅलिस’ची गोष्ट निराळी, तिथे स्वप्न लेखकानेच लिहिले आहे. बॉमने लिहिलेले नाही.

बॉमने काय लिहिले आहे? चांदीचे जोडे उडता उडता वाळवंटात गळून पडतात आणि डोरोथी नुसत्या मोज्यांनिशी कॅन्ससच्या गवतावर उतरते. समोर एक नवे घर असते. जुने वादळाने नेले म्हणून हेन्री काकाने बांधलेले नवे घर. काका गोठ्यापाशी गाईंच्या धारा काढतो आहे. एम काकू कोबीला पाणी घालायला बाहेर येते, मान वर करते आणि धावत येणारी पोर पाहते. जी बाई मुलीच्या हसण्याने दचकायची, ती तिला कवटाळून मुक्यांनी न्हाऊ घालते आणि विचारते, कुठून आलीस? डोरोथी सांगते, ऑझहून. पुस्तक संपले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मनू, माझी नात, आमच्याकडे होती. तिने चित्रपट आधीच पाहिलेला. पुस्तक मी रोज रात्री एक-दोन प्रकरणे मराठीत सांगत सांगत वाचून दाखवले. या नव्या घरापाशी आलो तेव्हा ती उठून बसली.

“आजी, थांब. म्हणजे जुनं घर खरंच उडून गेलं होतं?”

“हो. म्हणून तर नवं बांधलं.”

“म्हणजे काकूला कळलंच असेल की ही खरंच गेली होती.”

“कळलंच असेल.”

मनू जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सिनेमातले काका ‘आमचा विश्वास आहे’ म्हणतात ना, ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात.”

हे आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, “मुलांना पडतातच गं अशी स्वप्नं.” मनूने त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. “आजोबा सिनेमातले आहेत,” तिने मला सांगितले.

तिचे म्हणणे चित्रपट पुन्हा लावून पाहिले, तर अगदी खरे आहे. आजारी मुलाच्या कपाळावरची पट्टी बदलताना ज्या सुरात आपण ‘हो हो’ म्हणतो, त्या सुरात ते सारे बोलतात. मुलगी पुन्हा पुन्हा सांगते की तो खराखुरा देश होता, आणि मोठी माणसे मायेने हसतात. अखेर तीही हट्ट सोडते आणि घरासारखे दुसरे काही नाही असे म्हणते. पुस्तकातही ती तसे म्हणतेच. पण तिथे ती ऑझ पाहून, चेटकिणीला झाडून काढून, मित्रांना तीन राज्यांवर बसवून परतलेली मुलगी असते, आणि काकाने बांधलेल्या भिंती तिच्या बाजूने साक्ष द्यायला उभ्या असतात. चित्रपटाने ती साक्षच काढून घेतली. जाता जाता आणखी एक: चित्रपटात मिस गल्च नावाची एक बाई सरकारी हुकूम दाखवून टोटोला मारायला नेत असते. डोरोथी जागी होते, सगळे आनंदी होतात, पण त्या हुकमाचे पुढे काय झाले ते कुणीच बोलत नाही. टोटोवरचे संकट तसेच उभे आहे!

ही चूक कुणालाच खुपली नाही असे नव्हे. १९८५ साली डिस्ने कंपनीने वॉल्टर मर्चच्या दिग्दर्शनाखाली ‘रिटर्न टू ऑझ’ काढला, बॉमच्या पुढच्या दोन पुस्तकांची सांगड घालून. त्यात नवे घर अर्धवट बांधलेले दिसते. डोरोथीला झोप येत नाही, ती ऑझबद्दल बोलत राहते. तेव्हा काकू तिला विजेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे नेते. मुलीवर विश्वास ठेवायचा नाही असे एकदा ठरवले, की पुढची पायरी तीच असते. हा चित्रपट चालला नाही. मुले घाबरली, आयाबाप चिडले. माणकांचे जोडे मात्र त्यातही होतेच.

बॉम १९१९ साली वारला. १९३९ चा चित्रपट पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. तोवर त्याने ऑझची १४ पुस्तके लिहिली होती. त्यांतले सहावे, १९१० सालचे, ‘द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ’. त्या नव्या घराची पुढची हकीकत त्यात आहे. हेन्री काकाने ते घर शेत गहाण टाकून, कर्ज काढून बांधले होते. पीक येईना, कर्ज फिटेना, शेवटी सावकारी पेढीने शेत ताब्यात घेण्याची मुदत घातली. काका-काकू रात्री काळजीत बसतात. डोरोथी तोवर ऑझला पुन्हा जाऊन आलेली असते, त्या दोघांना तिने सगळे सांगितलेले असते. ती तिथल्या राणीकडे, ओझ्माकडे, जाते आणि दोघांसाठी आसरा मागते. आणि एका क्षणी ती दोन थकलेली माणसे, कामाच्या मळक्या कपड्यांनिशी, पाचूनगरीच्या राजवाड्यात भर दरबारात येऊन उभी राहतात. मऊ गालिच्यावर पाय कसा ठेवावा ते त्यांना कळत नाही, आणि डोरोथी पुढे होऊन त्यांची सगळ्यांशी ओळख करून देते.